म्हापशाच्या कॉलेजात शरीराबद्दलच्या न्यूनगंडावर विद्यार्थिनींनीच गट चालवला तर उपयोग होतो का, की समुपदेशकच हवा?

हो, उपयोग होतो. फक्त गट चालवणाऱ्या मुलींना आधी प्रशिक्षण आणि हातात ठरलेली संहिता हवी. यातला सर्वांत जास्त अभ्यासलेला उपक्रम म्हणजे अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ एरिक स्टाइस यांचा ‘बॉडी प्रोजेक्ट’. बहुधा चार बैठका, प्रत्येकी तासाभराची. त्यात व्याख्यान नसते, आणि मर्म तिथेच आहे: मुली स्वतःच ‘बारीक तीच सुंदर’ या कल्पनेविरुद्ध बोलतात, लिहितात, प्रसंग करून दाखवतात. स्वतःच्या तोंडून विरोध केला की मनातली त्या कल्पनेची पकडही सैल होते. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या गटातल्या मुलींना पुढच्या ३ वर्षांत खाण्याचे विकार जडण्याचा धोका, गटात न घेता केवळ तपासणी केलेल्या मुलींपेक्षा ६० टक्क्यांनी कमी दिसला. पुढे मानसशास्त्रज्ञ कॅरोलिन बेकर यांनी विद्यार्थिनींकडूनच गट चालवून पाहिले, तेही परिणामकारक ठरले. प्रशिक्षण दिलेली सामान्य माणसे मानसिक आरोग्याचे काम नीट करू शकतात, हे तर गोव्यातच ‘संगाथ’ संस्थेने नैराश्यावरच्या कामातून दाखवले आहे. आपल्याकडे रंगाचाही प्रश्न आहे. चतुर्थीला घरी आलेल्या मावशीच्या ‘किती गं काळवंडलीस!’ला काय उत्तर द्यायचे, हा सराव जरूर घाला. पण हा प्रतिबंध आहे, उपचार नव्हे. कोणी जेवण टाळत असेल किंवा जेवून मुद्दाम उलटी करत असेल, तर गटावर विसंबू नका. तिला समुपदेशक किंवा डॉक्टरांकडे न्या. ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.