बायको आणि सेक्रेटरी, दोघींची पत्रं एकाच छपराखाली

प्रश्न : मी लग्नानंतर कार्डिफला आले. इथे शेजारच्या वेल्श आजींकडून कळलं की पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनचे पंतप्रधान होते त्या लॉइड जॉर्ज यांच्या सेक्रेटरीची घरची कागदपत्रं वेल्समधल्याच ॲबरिस्टविथच्या राष्ट्रीय ग्रंथालयात जपून ठेवलीयत, आणि त्या बाई नुसत्या सेक्रेटरी नव्हत्या. ऐकलं आणि मला माझी आत्याच आठवली. ती सांगलीकडे एका पुढाऱ्यांची पीए होती, वीस वर्षं. लग्न केलं नाही. लोक बोलायचे. मागच्या वर्षी ती गेली, तिची एक ट्रंक आहे पत्रं, डायऱ्या, फोटोंनी भरलेली. बाबा म्हणतात जाळून टाकू, गेलेल्या माणसाची अब्रू चव्हाट्यावर कशाला. मला ते पटत नाही. काय करू?
– एक वाचक भगिनी, कार्डिफ

उत्तर : ताई, आधी बाबांना फोन करा आणि ट्रंक आहे तशी राहू द्या म्हणून सांगा, बाकीचं सावकाश ठरवता येईल. हे मी जीव तोडून सांगतोय कारण आमच्या घरी आजीची पत्रं बंबात गेली. मी आठवीत होतो, सकाळी आंघोळीला गेलो तर बंबाच्या तोंडाशी एक अर्धवट जळलेलं पोस्टकार्ड पडलेलं, त्यावर आजीचं अक्षर, "चि. बाळास अनेक आशीर्वाद" एवढंच उरलेलं, खालचं सगळं काळं. त्या खाली काय होतं ते आता कुणालाच कळणार नाही.

आता त्या सेक्रेटरी, फ्रान्सिस स्टीव्हन्सन. तुमच्या आत्याची गोष्ट नीट बघायची तर ही बाई समजून घ्या. जन्म १८८८, लंडनचा. वडील स्कॉटिश, आई फ्रेंच-इटालियन वळणाची. रॉयल हॉलोवे कॉलेजात लॅटिन-ग्रीक शिकलेली. १९११ च्या उन्हाळ्यात लॉइड जॉर्ज अर्थमंत्री असताना त्यांच्या धाकट्या मुलीला, मेगनला शिकवायला म्हणून ही त्यांच्या घरी आली. तेव्हा हिचं वय २२, साहेबांचं ४८. १९१३ पासून ती त्यांची सेक्रेटरी, आणि त्यांच्यासोबतचं आयुष्यही तेव्हापासूनच. साहेबांनी सरळ सांगितलेलं की बायकोला सोडणार नाही, राजकारण त्यावर उभं आहे, आणि हिने ते मान्य केलं. पुढे ३० वर्षं तसंच चाललं. दारूगोळा खातं, युद्ध खातं, डिसेंबर १९१६ ला पंतप्रधानपद, १९१९ ची पॅरिसची शांतता परिषद, प्रत्येक ठिकाणी ती कामाला होती. पंतप्रधानांच्या कचेरीत बाई खासगी सचिव ही तेव्हा नवलाची गोष्ट, आणि १९१८ ला तिला सीबीई हा ब्रिटिश सरकारचा किताबही मिळाला. म्हणजे "ठेवलेली बाई" म्हणून बाजूला सारण्यासारखं हे प्रकरण नाही, ती कामाची माणूस होती आणि हे आधी लक्षात घ्यायला हवं. तुमच्या आत्याबद्दलही लोक फक्त एकच गोष्ट बोलले असणार, तिने वीस वर्षं कोणाची किती कामं मार्गी लावली ते कुणी बोललं नसेल.

तिची डायरी १९१४ पासूनची आहे. त्यात मंत्रिमंडळातल्या भानगडी आहेत, कोण कोणाला पाडायला निघालंय ते आहे, आणि त्याच पानांत आईवडिलांना हे नातं अजिबात पसंत नाही ही घालमेलही आहे. भाऊ पॉल १९१५ मध्ये फ्रान्सच्या आघाडीवर मारला गेला, आणि ती ज्या माणसाजवळ काम करत होती तो त्याच युद्धाला तोफगोळे पुरवणारा मंत्री. हे दोन धागे सरकारी फायलीत एकत्र सापडणार नाहीत, घरच्या कागदांतच सापडतात. म्हणून मी म्हणतो की घरच्या कागदांची किंमत फायलींपेक्षा कमी धरू नका.

लॉइड जॉर्जची बायको मार्गारेट, ती वेल्समध्ये क्रिकिथला राहायला जास्त खूष असायची, इकडे साहेब लंडनला नाहीतर इंग्लंडमधल्या सरे परगण्यातल्या चर्टच्या घरी. दोघी एका ठिकाणी येणार नाहीत असा बेत कायम आखलेला असायचा, एक आली की दुसरी निघायची. मार्गारेट १९४१ च्या जानेवारीत गेली, मग ऑक्टोबर १९४३ मध्ये गिल्फर्डच्या नोंदणी कचेरीत साहेबांनी फ्रान्सिसशी लग्न केलं. मेगन लग्नाला आली नाही. जिला हिने हाताला धरून शिकवलं त्याच मुलीने हिला कधी माफ केलं नाही, हे वाचताना मला फार वाईट वाटतं, दोघींसाठी. मार्च १९४५ मध्ये साहेब गेले. म्हणजे बायको म्हणून हिला जेमतेम दीड वर्षं मिळालं.

आणि आज बघा काय झालंय. साहेबांनी मार्गारेटला लिहिलेली दोन हजारांच्या आसपास पत्रं ॲबरिस्टविथच्या ग्रंथालयात आहेत. फ्रान्सिसच्या कुटुंबाचे कागदही तिथेच, डोंगरावरच्या त्याच इमारतीत. ज्या दोघी जवळजवळ ३० वर्षं एकमेकींना टाळत राहिल्या त्यांची पत्रं आता एका छपराखाली, आणि अभ्यासक सकाळी एकीची पेटी मागवतो, दुपारी दुसरीची. एकाच माणसाभोवतीची ही दोन आयुष्यं शेजारी ठेवून वाचता येतात. यातली एक पेटी बंबात गेली असती तर उरलेली अर्धीच बोलली असती.

बाबांचं म्हणणं मात्र उडवून लावू नका, अब्रूचा प्रश्न खराच आहे. फ्रान्सिसला १९२९ मध्ये मुलगी झाली, पण लग्न नसल्याने ती दत्तक घेतली असं दाखवावं लागलं, आणि बाप कोण यावर चरित्रकार आजही एकमत नाहीत. तरी त्या घराने कागद जाळले नाहीत. डायरी १९७१ ला फ्रान्सिस हयात असतानाच छापली, साहेबांची आणि तिची पत्रं १९७५ ला, ती गेल्यावर तीनेक वर्षांनी, आणि १९९६ मध्ये तर सख्ख्या नातीने आजीचं चरित्र लिहिलं. प्रत्येक गोष्ट तिच्या तिच्या वेळेला बाहेर आली. तुम्हालाही आज काही उघड करायचं नाहीये, फक्त जपायचंय.

तर ट्रंकेचं असं करा. पत्रं ज्या क्रमाने बांधलीयत तो क्रम मोडू नका, आत्याने एखादा गठ्ठा वेगळा बांधला असेल तर त्यालाही अर्थ असतो. गंजलेल्या टाचण्या, रबरबँड काढा. चिकटपट्टी नको, लॅमिनेशन तर नकोच नको. फोटोंमागे नावं पेन्सिलीने लिहा, आणि ती नावं बाबांकडून आत्ताच विचारून घ्या, कारण ओळखणारे तेच. ट्रंक जमिनीला टेकलेली नको, वाळवी खालून लागते. नंतर एखाद्या संस्थेला द्यावीशी वाटली, पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, मुंबईचं पुराभिलेखागार आहे, तर देताना अमुक वर्षं उघडू नये अशी लेखी अट घालून मागा. आणि एक, पत्राचा कागद तुमच्याकडे आला तरी मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि त्याच्या वारसांचा असतो, त्यामुळे पुढाऱ्यांची पत्रं परस्पर कुठे छापू नका किंवा त्यांचे फोटो काढून इंटरनेटवर टाकू नका.

प्रश्न : मी पुरुष, ८१ वर्षांचा, मंत्रालयात स्टेनो होतो, नंतर एका मंत्र्यांचा स्वीय सहायक. लघुलिपीतल्या अकरा वह्या आहेत. घरात कोणाला वाचता येत नाही. रद्दीत घालू का?
– एक निवृत्त वाचक, सातारा

उत्तर : काका, अजिबात नाही! लॉइड जॉर्जकडे ए. जे. सिल्वेस्टर नावाचे दुसरे सेक्रेटरी होते, लघुलिपीत एकदम तरबेज, त्यांनीही डायरी लघुलिपीतच ठेवली. त्यामुळे एकच घर दोन डोळ्यांनी दिसतं, तिच्या डायरीत जिव्हाळा आणि यांच्या डायरीत चिडचिड, पैसे, नोकरमाणसांची कुरकुर. त्यांचेही कागद ॲबरिस्टविथलाच आहेत.

लघुलिपीची अडचण अशी की ज्याची वही त्यालाच ती नीट लागते, प्रत्येकाच्या स्वतःच्या खुणा असतात. तुमच्या पाठीमागे त्या अकरा वह्या म्हणजे नुसत्या रेघा उरतील. सगळं पुन्हा लिहून काढायचं मनावर घेऊ नका, ते होणार नाही. रोज दुपारी एक पान मोठ्याने वाचा आणि नातवाला मोबाईलवर रेकॉर्ड करू द्या, सुरुवातीला वहीचा नंबर आणि तारीख बोला. एखादं वाक्य वाचावंसं वाटलं नाही तर "इथे चार ओळी सोडल्या" एवढं म्हणा आणि पुढे जा, पण पान फाडू नका. पहिली वही झाली की मला कळवा, मी वाट बघतोय.