कबड्डीच्या स्पर्धांमुळे ७५ टक्के हजेरी भरत नाही, काय करावं? (एस.वाय.बी.एस्सी., नंदुरबार)

आधी हिशोब मांडा. एका विषयाचे ६० तास असतील तर ४५ लागतात, म्हणजे हाताशी फक्त १५. ते सकाळच्या सरावानंतरच्या झोपेत घालवू नका, स्पर्धेसाठी ठेवा.

जाण्याआधीच क्रीडा संचालकांच्या सहीचं पत्र प्राचार्यांकडे द्या आणि आवक क्रमांक टाकलेली प्रत जपा. जळगावला निवड चाचणी असेल तर प्रवासाचे दिवसही पत्रात लिहा. प्रमाणपत्रावर बहुधा स्पर्धेच्याच तारखा असतात, आणि नेमके प्रवासाचे दोन दिवस गैरहजेरीत जातात.

खरी अडचण प्रॅक्टिकलची. हजेरीत सवलत मिळाली तरी जर्नलवर सही आपोआप होत नाही, म्हणून दुसऱ्या बॅचसोबत बसायची परवानगी त्याच आठवड्यात मागा. सत्र संपताना कोणी ऐकत नाही.