समुद्र सरकारचा, पण वाट कोणाची?

प्रश्न : दापोली तालुक्यात आम्हा भावंडांची आजोळकडून आलेली वीस गुंठ्यांची माडाची वाडी आहे. तिच्या कडेनं गावकरी समुद्रकाठच्या पुळणीवर, म्हणजे वाळूवर जातात. राखणदार म्हणतो, चिऱ्याचा गडगा घालून फाटक लावा. माझा भाऊ म्हणतो, समुद्र सरकारचा आहे, लोकांनी दुसरीकडून जावं. काय करावं?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : ताई, भावाचं अर्धं बरोबर आहे. भरतीच्या रेषेखालची जमीन सरकारची, हे १९६६ च्या जमीन महसूल संहितेतच आहे, कलम २०. पण तिथवर नेणारी वाट त्यानं सरकारची होत नाही. आम्ही भूकरमापक साखळी घेऊन फिरायचो तेव्हा निम्मी भांडणं या वाटेवरूनच.

आधी गावनकाशा काढा आणि तुमच्या हद्दीवर तुटक रेषा आहे का बघा. सातबाऱ्यावरचे 'इतर हक्क'ही वाचा. दोन्हीकडे काही नसलं तरी वीस वर्षांची उघड वहिवाट किंवा गावाची रूढी १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यानं (दुसऱ्याच्या जमिनीतून जाण्यासारख्या हक्कांचा कायदा) टिकू शकते. मासे वाळवायला जाणारी बाई कागद दाखवणार नाही, पण साक्षीला अख्खा गाव उभा राहील. शिवाय सीआरझेडच्या, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांत किनाऱ्यावरच्या खासगी कुंपणानं लोकांची वाट अडता कामा नये, अशी अट रिसॉर्टांना आहे. ती वाचून भावाला दाखवा.

सरकारनं जागा संपादित करावी, हाही मार्ग आहे. पण २०१३ च्या भूसंपादन कायद्यानं मोबदल्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम द्यावी लागते. तुमच्या ग्रामपंचायतीला ते झेपेल का? इंग्लंडात नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेनं १९६५ पासून लोकवर्गणी काढून किनारा विकत घ्यायला सुरुवात केली. आपल्याकडे उलटं. नाशिकच्या तपोवनात बघा, साधूंच्या मुक्कामाच्या साधुग्रामासाठी २०१५ च्या कुंभात महापालिकेच्या मालकीची जागा पुरली नाही, शेतकऱ्यांकडून भाड्यानं घ्यावी लागली. आधी घेतली असती तर स्वस्तात पडली असती, असं मला वाटतं.

म्हणून माझं म्हणणं असं : कडेची तीन मीटरची पट्टी मोजून वेगळी करा आणि नोंदणीकृत बक्षीसपत्रानं ग्रामपंचायतीला द्या, 'सार्वजनिक वाट' असं स्पष्ट लिहून. साठ मीटर लांबी धरली तर पावणेदोन गुंठे जातात. सगळ्या भावंडांच्या सह्या लागतील, एकाचीही राहिली तर दस्त लटकेल. 'आम्ही जाऊ देतोच की' यावर थांबू नका. तुमच्यानंतर वाडी विकली जाईल आणि नवा मालक पहिलं काम गडग्याचंच करील.

फाटक लावायचंच असेल तर पट्टीच्या आत, वाडीला लावा. मोजणीचा अर्ज पावसाळ्याआधी टाका आणि भावाला सोबत न्या. पावसाळ्यात पुळणीची कड हलते, मग खुणा कुठे घालायच्या यावरून नवा वाद.