सिस्टर, नकार आधी लिहून द्या

प्रश्न : मी एका खासगी रुग्णालयात नऊ वर्षं स्टाफ नर्स आहे. धर्मानं कॅथलिक. दोन महिन्यांपूर्वी मला मेडिकल वॉर्डातून स्त्रीरोग विभागाच्या ऑपरेशन थिएटरमध्ये टाकलं. गर्भपाताच्या केसला हात लावणार नाही, असं मी इन्चार्ज सिस्टरना तोंडी सांगितलं होतं. तरी ड्युटी लागलीच. पहिल्या वेळी मैत्रिणीनं सांभाळून घेतलं. दुसऱ्या वेळी केस काय आहे हे आत गेल्यावर कळलं आणि मी बाहेर आले. रुग्णाला भूल दिलेली नव्हती, पण दुसरी नर्स येईपर्यंत वीसेक मिनिटं गेली. आता ‘आज्ञाभंग आणि रुग्णाच्या जिवाला धोका’ अशी कारणे दाखवा नोटीस आली आहे. सात दिवसांत खुलासा द्यायचा आहे. मेट्रन म्हणतात, राजीनामा दे, मिटून जाईल. पोटातला जीव हा जीवच, ही माझी श्रद्धा आहे. राज्यघटना मला संरक्षण देत नाही का? शिवाय ती मुलगी आमच्याच धर्मग्रामातली (पॅरिशमधली, म्हणजे आमच्याच चर्चची), अविवाहित, बावीस वर्षांची. चौदा आठवडे झाले होते. लग्न झालेलं नाही म्हणजे हे बेकायदेशीरच ना? तिच्या आईवडिलांना किंवा फादरांना सांगणं माझं कर्तव्य आहे का? आणि नोकरीच्या पहिल्या वर्षी मी अशाच एका केसमध्ये उपकरणं हातात दिली होती. ती टोचणी अजून जात नाही.

उत्तर : सिस्टर, त्या मुलीच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तिथं चूक झाली तर पुढचं काहीच वाचवता येणार नाही. कुणालाही सांगू नका. आईवडिलांना नाही, फादरांना नाही, ‘तिच्यासाठी प्रार्थना करा’ अशा आडवळणानंही नाही.

१९७१च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली आणि ५-अ हे कलम आलं. गर्भपात झालेल्या स्त्रीचं नाव किंवा तपशील उघड केल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. कलमाचा रोख नोंदणीकृत डॉक्टरवर आहे हे खरं, पण म्हणून नर्सला मोकळीक आहे असं समजू नका. तुम्हाला जे कळलं ते ड्युटीवर कळलं. ते बाहेर गेलं तर आज जो तुमच्या श्रद्धेचा प्रश्न आहे तो उद्या विश्वासघाताचा होईल, आणि तुमच्या बाजूनं बोलायला माझ्याकडेही काही उरणार नाही.

तिच्या बाबतीत बेकायदेशीर असं काही घडलेलंही दिसत नाही. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. पूर्वी गर्भनिरोधक निकामी ठरल्याचं कारण ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’ एवढ्यांपुरतं होतं. २०२१च्या दुरुस्तीनं तिथं ‘स्त्री किंवा तिचा जोडीदार’ असे शब्द आले. सज्ञान स्त्रीच्या बाबतीत संमती लागते ती फक्त तिची. पालकांची संमती अठरा वर्षांखालील किंवा मानसिक आजार असलेल्या स्त्रीसाठी. सर्वोच्च न्यायालयानं २९ सप्टेंबर २०२२च्या निकालात अविवाहित स्त्रीला वेगळं काढायला नकार दिला, आणि कायद्यात नसलेल्या घरच्यांच्या संमतीसारख्या अटी डॉक्टरांनी घालू नयेत असंही बजावलं. पोलिसांत जायचा विचार असेल तर तो इथंच सोडा.

आता तुमचा मुख्य प्रश्न. घटनेच्या अनुच्छेद २५मध्ये सद्सद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य आहे, आणि ते धर्म पाळण्याच्या हक्काच्याही आधी लिहिलेलं आहे. पण वाक्याची सुरुवातच ‘सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन’ अशी आहे. त्यातला ‘आरोग्य’ हा शब्द तुम्हाला नडणारा. दुसरी अडचण अशी की हे अनुच्छेद मुख्यतः सरकारविरुद्ध चालतात. तुम्ही पालिकेच्या किंवा सरकारी रुग्णालयात असतात तर उच्च न्यायालयात रिट याचिकेचा विचार करता आला असता. खासगी मालकापुढे अनुच्छेद २५ थेट उपयोगाला येत नाही. त्याचा आधार खुलाशात घ्या, पण सगळा भार त्याच्यावर टाकू नका.

घ्यायचाच तर एक निकाल घ्या. १९८६चा, केरळमधल्या तीन शाळकरी भावंडांचा. यहोवाचे साक्षीदार या पंथाची ही मुलं. राष्ट्रगीत सुरू झालं की आदरानं उभी राहायची, पण गायची नाहीत. शाळेनं काढून टाकलं. सर्वोच्च न्यायालयानं त्यांना परत घ्यायला लावलं, कारण श्रद्धा प्रामाणिक होती आणि त्यांच्या गप्प राहण्यानं कुणाचा अनादर झाला नव्हता. कॅथलिक परिचारिकेसाठी हा निकाल सोन्यासारखा आहे. पण रुग्णालयाचा वकील लगेच विचारेल : त्या मुलांच्या न गाण्यानं राष्ट्रगीत थांबलं नाही, इथं टेबलावरची बाई वीस मिनिटं थांबली, त्याचं काय? तुमच्या प्रकरणातली खरी दुखरी जागा ती वीस मिनिटं आहेत, तुमची श्रद्धा नव्हे.

गर्भपाताच्या कायद्यानं तुमच्यावर व्यक्तिशः कोणतंही काम लादलेलं नाही. ठरावीक परिस्थितीत डॉक्टर गर्भपात ‘करू शकतो’ अशी ती परवानगी आहे. जबाबदारी येते ती नेमणूकपत्रातून. त्यात ‘कोणत्याही विभागात काम करावे लागेल’ अशी ओळ बहुधा असेलच, काढून बघा. उलट, नकाराची मुभा देणारं कलमही आपल्या कायद्यात नाही. ब्रिटनच्या १९६७च्या कायद्यात ते आहे, आपण चार वर्षांनी कायदा केला तेव्हा ते घेतलं नाही. इतकंच काय, डॉक्टरांच्या २००२च्या आचारसंहितेत स्पष्ट लिहिलंय की वैद्यकीय गरज असताना केवळ धार्मिक कारणावरून गर्भपाताला नकार देता येणार नाही. तो नियम नर्सला लागू नाही, पण समोरून तो दाखवला जाईल. तेव्हा दचकू नका, एवढंच उत्तर द्या : हा नियम डॉक्टरांचा आहे.

आणि ब्रिटनमध्ये कलम आहे म्हणून सगळं सुरळीत आहे असंही नाही. ग्लासगोच्या दोन कॅथलिक सुईणी, दोघी प्रसूती विभागाच्या समन्वयक. त्यांचं म्हणणं होतं, गर्भपात करणाऱ्या नर्सची ड्युटी लावणं, तिच्यावर देखरेख करणं हाही सहभागच. खालच्या न्यायालयानं मान्य केलं, पण डिसेंबर २०१४मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं फिरवलं : सहभाग म्हणजे प्रत्यक्ष प्रक्रियेत हात घालणं, रोस्टर लिहिणं किंवा देखरेख करणं नव्हे. आपल्याकडे हा निकाल बंधनकारक नाही. तरी तुम्ही आपली रेघ साधारण तिथंच आखावी असं माझं मत आहे. थिएटरमध्ये हातात उपकरणं देणार नाही, गोळ्या देणार नाही. पण वॉर्डात आल्यावर नाडी, रक्तदाब, रक्तस्राव बघणार, चादर बदलणार, पाणी देणार. त्या खाटेवर पडलेली बाई ही तुमची रुग्ण आहे, आणि तुमचा धर्मही तिच्याकडे पाठ फिरवायला सांगत नाही.

नोटिशीत एक शब्द मला खटकला : ‘गर्भपातविषयक सर्व कामांस नकार’. हे खोडून काढलंच पाहिजे. रुग्णालयाच्या भाषेत ‘अबॉर्शन’ म्हणजे काय काय असतं हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. ठोके आधीच थांबलेले असतात ते मिस्ड अबॉर्शन, आपोआप सुरू होऊन अर्धवट राहिलेला तो इनकम्प्लीट अबॉर्शन. इथं कुणी जीव घेत नाही आणि चर्चचाही विरोध नाही. आईच्या गंभीर आजारावरचे उपचार, ज्यांचा हेतू गर्भ संपवणं नसून आजार बरा करणं असतो, तेही चर्च वर्ज्य मानत नाही. या सगळ्या केसेस तुम्ही करता, करत आलात, हे तारखांसह लिहा. त्यानं तुमचा नकार अडेलतट्टूपणा न दिसता विचारपूर्वक आखलेला दिसेल.

आईच्या जिवाला तातडीचा धोका असेल तर गर्भपात कायद्याच्या कलम ५खाली आठवड्यांची मर्यादाही उरत नाही. अशा वेळी बदली माणूस हजर नसेल तर तुम्ही थिएटरमध्येच राहून मदत करणार, हे खुलाशात लिहून द्या. हे वाक्य लिहिताना पेन अडखळेल, जाणीव आहे. फादरांशी बोला, मग लिहा. पण ते नसेल तर मी तुमचं प्रकरण घेणार नाही, इतकं स्पष्ट सांगतो. सविता हलप्पनवार आठवते ना? बेळगावची दंतवैद्य मुलगी, आयर्लंडमध्ये सतरा आठवड्यांची गरोदर. गर्भ वाचणार नाही हे कळलेलं होतं, तरी ठोके चालू आहेत म्हणून तिची विनंती नाकारली गेली, रक्तात संसर्ग पसरला आणि २८ ऑक्टोबर २०१२ला ती गेली. २०१८च्या मे महिन्यात त्याच देशानं सार्वमत घेऊन घटनेतली गर्भपातबंदी काढून टाकली. तुमच्या श्रद्धेला सगळ्यात मोठा धक्का विरोधकांनी नाही, असल्या एका वॉर्डानं दिला.

खुलासा दोन पानांच्या वर नको. घटनाक्रम, वेळा, भूल दिलेली नव्हती ही गोष्ट (भूलतज्ज्ञांच्या नोंदीचा उल्लेख करा), इन्चार्जना आधी सांगितल्याची तारीख आणि त्याचा व्हॉट्सॲपवर काही माग असेल तर तो. नऊ वर्षांत एकही मेमो नाही हेही. बाहेर येण्याआधी बदली नर्स मागायला हवी होती, याबद्दल दिलगिरी व्यक्त करा. श्रद्धेबद्दल दिलगिरी नको, वीस मिनिटांबद्दल हवी. या दोन गोष्टींची गल्लत होऊ देऊ नका. शेवटी विनंती असू द्या : मूळ वॉर्डात परत घ्या, किंवा गर्भपाताच्या यादीच्या दिवशी दुसरी ड्युटी द्या, बदल्यात रात्रपाळ्या जास्त करीन. मालकाला सोय दिली की तत्त्वावर भांडायची त्याची हौस बरीच कमी होते, हा माझा अनुभव. सोबत हाच नकार वेगळ्या अर्जावर, आजच्या तारखेनं, आवक शिक्क्यासह देऊन ठेवा. तोंडी सांगितलेलं इन्चार्ज बदलली की हवेत जातं.

राजीनामा देऊ नका. काढायचंच असेल तर त्यांना आरोपपत्र द्यावं लागेल, चौकशी करावी लागेल, तुम्हाला बचावाची संधी द्यावी लागेल. स्वतः सही केली की हे सगळं त्यांना फुकट मिळतं. तडजोड झालीच नाही तर कॅथलिक संस्थांची रुग्णालयं आहेत, तिथं हा प्रश्नच येत नाही. पण जायचं तर अनुभवाचा दाखला घेऊन, डाग घेऊन नव्हे.

राहिली ती जुनी टोचणी. हा माझा प्रांत नाही, तरी तुम्ही विचारलंत म्हणून. चर्चच्या कायद्यात गर्भपात घडवून आणणाऱ्याला आपोआप लागू होणारी बहिष्काराची शिक्षा आहे. २०२१च्या सुधारित संहितेत ते कलम १३९७ झालं. ज्यांच्या साहाय्यावाचून ते कृत्य झालंच नसतं अशा साथीदारांनाही ती लागू होते. पण त्याच संहितेत सूटही आहे : शिक्षा आहे हेच ठाऊक नव्हतं, किंवा मोठ्या भीतीपोटी केलं, तर ती आपोआप लागत नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षातली घाबरलेली मुलगी यात कुठं बसते ते फादर सांगतील. २०१६च्या नोव्हेंबरात पोप फ्रान्सिस यांनी या पापाची क्षमा देण्याचा अधिकार सर्वच धर्मगुरूंना दिला, त्यामुळे बिशपांकडे जायची गरज नाही. शनिवारी पापनिवेदनाला (कन्फेशनला) जा. फक्त तिथंही त्या बावीस वर्षांच्या मुलीचं नाव घेऊ नका.

नोटीस तुमच्या हातात कधी पडली ती तारीख पोचपावतीवर बघा, सात दिवस तिथून मोजा, आणि खुलाशाचा मसुदा देण्याआधी एकदा मला पाठवा.