लाल दिवा घ्यायचा की नाही?

नऊ वर्षांची मुलगी. वर्षभरात चष्म्याचा नंबर उणे दीडवरून उणे अडीचवर गेलेला. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.) आई बसल्या बसल्या म्हणाली, "मीच हातात मोबाइल दिला, मॅडम." बाबांनी नंबर भराभर वाढू नये म्हणून डोळ्यांत बघायचं लाल प्रकाशाचं यंत्र हेरून ठेवलं होतं. "दिवसातून दोनदा, तीन-तीन मिनिटं. नाही घेतलं तर मोठी झाल्यावर तीच विचारेल, का नाही घेतलंत?"

मी आधी बाबांकडे वळले. उपचार थोतांड नाही. २०२२ साली चीनमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ८ ते १३ वयाची २६४ मुलं होती. डोळा लांबट होत गेला की उणे नंबर वाढतो. वर्षभरात नुसता चष्मा लावणाऱ्यांच्या डोळ्याची लांबी सरासरी ०.३८ मिलिमीटरने वाढली, लाल प्रकाश घेणाऱ्यांची ०.१३ने. पण २०२३ मध्ये बारा वर्षांच्या एका मुलीच्या डोळ्याच्या पडद्याला, पाच महिने हे यंत्र वापरल्यावर, इजा झाल्याची नोंद आली. शिवाय मध्येच बंद केलं तर डोळा पुन्हा वेगाने वाढू शकतो. आणि चढलेला नंबर यंत्राने उतरत नाही. "म्हणजे नकोच?" बाबांनी विचारलं. मी म्हटलं, पडदा तपासल्याशिवाय आणि डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय तर मुळीच नको. नंबरची वाढ मंदावणारे कमी मात्रेचे ॲट्रोपिनचे थेंब किंवा त्यासाठीच्या चष्म्याच्या खास काचा, याबद्दल डॉक्टरांशी आधी बोला.

मग हळूच विचारलं, घरात आणखी कोणाला चष्मा? बाबांना उणे सहा, आत्यालाही. दोघांच्या लहानपणी मोबाइल नव्हताच! आईच्या चेहऱ्यावरचा ताण जरा सैलावला. जवळचं काम फार आणि बाहेरचा उजेड कमी, हे खरंच; पण दोष एकट्या मोबाइलचा नाही.

मुलीला एकटीला भेटले तेव्हा खरी गोष्ट कळली. बाहेर थांबल्या थांबल्या तिने आधीच्या मुलाने वाचलेली अक्षरं पाठ केली होती. का? "नंबर वाढला की आई रडते. मग बाबा आईला बोलतात."

डोळ्यात थेंब घालून, अक्षरं न वाचवता केलेल्या तपासणीत पाठांतर चालत नाही, हे तिला सांगितलं तेव्हा ती खट्टू झाली. आईबाबांना मात्र एवढंच सुचवलं, की आकडा तिच्यासमोर काढू नका आणि संध्याकाळचं खेळणं डोळ्यांचं औषध म्हणून तिच्या माथी मारू नका.

सहा महिन्यांनी नंबर पाव वाढला होता. बाबांनी यंत्राचा विषय पुन्हा काढलाच. आई म्हणाली, "ती बाहेर खेळतेय, हाक मारू का?"