आदल्या रात्रीची ऐट

प्रिय मित्रा,

तुझं पत्र सावकाश वाचलं. नव्या कामाबद्दल, वरिष्ठांबद्दल बरंच लिहिलं आहेस, पण ते तुझं तू निस्तरशील. मी उत्तर देणार आहे ते एकाच गोष्टीचं. तुमच्या विभागातल्या त्या बाई म्हणे कधी घाईत दिसत नाहीत, कपडे साधेच असतात, अंगावर मिरवण्यासारखं काही नसतं, आणि तरी त्या आल्या की बाकीचे आपसूक सावरून बसतात. हे त्यांना जमतं कसं, असं तू विचारलंस. आणि लगेच पुढच्या ओळीत, चांगलं घड्याळ कुठलं घेऊ, असंही विचारलंस. घड्याळाचं आधी सांगते: सध्या घेऊ नकोस.

त्या बाईंना मी ओळखत नाही, पण त्यांची आदली रात्र कशी गेली असेल ते सांगू शकते. उद्याचे कपडे काढून ठेवलेले, बटणं तपासलेली, बूट पुसलेले, किल्ली रोजच्या जागी. त्यामुळे सकाळी त्यांचं डोकं मोकळं असतं, आणि मोकळ्या डोक्याने माणूस समोरच्याचं नीट ऐकतो. तुम्हाला ऐट दिसते, त्यांच्याजवळ असते ती उसंत. सहजपणाचे कष्ट असतात, फक्त ते आधीच करून ठेवलेले असतात आणि त्या वेळी बघायला कुणी नसतं. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. पण नुसतं म्हणणं कुणाच्या कामाचं नसतं, म्हणून आता हातात इस्त्री घे.

सुती शर्ट चुरगळतो कशाने? कापसाचा तंतू म्हणजे सेल्युलोजच्या लांबच लांब साखळ्या. या साखळ्या एकमेकींना हायड्रोजन बंधांनी धरून असतात. ओलावा शिरला की ते बंध सैल होतात आणि कापड सुकताना ज्या अवस्थेत असेल त्या अवस्थेत पुन्हा जुळतात. घामाने आणि दमट हवेने दिवसभर हेच चालू असतं. तू कोपर वाकवून बसतोस आणि शर्ट ते वळण पाठ करतो. इस्त्री हीच करामत आपल्या बाजूने करून घेते. म्हणून खडखडीत वाळलेल्या शर्टावर जोर लावून घासत बसू नकोस. किंचित दमट असतानाच इस्त्रीला घे, नाहीतर पाणी शिंपडून, गुंडाळी करून थोडा वेळ ठेव. कपड्याच्या लेबलवर इस्त्रीच्या चित्रात असलेले ठिपके शोभेसाठी नसतात. एक ठिपका म्हणजे इस्त्री साधारण ११० अंश सेल्सियसपर्यंत, दोन म्हणजे साधारण १५०, तीन म्हणजे साधारण २००. लोकर दोनांत भागते, सुती आणि लिननला तीन लागतात, आणि नायलॉनवर एकाच्या पुढे गेलास तर शर्टाऐवजी इस्त्रीचा तळच साफ करत बसशील.

कॉलर आधी. टोकांकडून मधे यायचं, मधून टोकांकडे जायचं नाही, कारण तसं केलं की सगळं ढिलं कापड टोकाशी जमतं आणि नेमकं जिथे लोकांची नजर जाते तिथे चुणी पडते. मग कफ, बाह्या, खांदे, पाठ, आणि समोरचे भाग सगळ्यात शेवटी, म्हणजे बाकीचं करताना ते पुन्हा चुरगळत नाहीत. बटणांच्या मधल्या जागेत इस्त्रीचं टोक घाल, बटणांवरून फिरवू नकोस. झालं की हँगरवर अडकव, वरचं बटण लाव आणि गार होऊ दे. सकाळी ऊन ऊन शर्ट अंगात चढवून निघालास तर घराबाहेर पडेपर्यंत केलेलं काम वाया जातं. कापडात ऊब आणि वाफ असेतो ते कुठलीही घडी धरायला तयारच असतं. इस्त्री रात्री करायची ती याचसाठी.

आता पायांकडे बघ. बुटाच्या लेसचं फूल बुटाला आडवं पडतं की उभं? दोन फासे डावी-उजवीकडे पसरले असतील तर ठीक. पण एक बोटांकडे आणि एक घोट्याकडे वळत असेल, तर तुझी गाठ उलटी पडते आहे. बरीच माणसं आयुष्यभर ती उलटीच बांधतात आणि दोष लेसला देतात. उपाय अगदी सोपा: सुरुवातीला लेसचा जो पहिला वेढा टाकतोस, त्यात आज जे टोक वर ठेवतोस ते खाली ठेव. पुढचं सगळं नेहमीसारखं. लेस चालता चालता का सुटते यावर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या अभियंत्यांनी २०१७ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला होता. धावताना पाऊल जमिनीवर आपटतं तेव्हाचा धक्का गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे सातपट असतो. त्याने गाठ ढिली होत जाते, आणि झुलणारी मोकळी टोकं तिला ओढत राहतात. बराच वेळ काहीच होत नाही आणि मग एकदम दोन-चार पावलांत सगळं सुटतं. उलटी गाठ यात फार लवकर हार मानते. भर रस्त्यात खाली वाकून लेस बांधण्यात लाज कसली, पण वाकावंच लागू नये हे बरं.

चामड्याचे बूट असतील तर एक दिवस घाल, एक दिवस सोड. पायाचा घाम चामड्यात मुरतो आणि एका रात्रीत तो पुरता सुकत नाही. पॉलिश फासून फासून लावू नकोस. पातळ हात दे, वाळू दे, ब्रश मार, मग लागलंच तर दुसरा हात. आणि टाचा बघ. टाच झिजून एका बाजूला कलली की वरच्या चकाकीचा काही उपयोग होत नाही, पण आपल्या टाचा आपल्याला दिसत नसल्यामुळे हे सगळ्यांत शेवटी आपल्यालाच कळतं.

कपड्यांच्या खरेदीवर फार लिहायचं नाही. एकच धर: खांद्यावर तडजोड करू नकोस. खांद्याची शिवण तुझ्या खांद्याच्या हाडापाशी संपली पाहिजे. कोटाची बाही आखूड करणं, कंबर आत घेणं, पँटची लांबी कमी करणं ही शिंप्याची रोजची कामं आहेत. कोटाचा खांदा उकलून पुन्हा बसवणं हे मात्र किचकट आणि खर्चिक काम, आणि करूनही मनासारखं होईलच असं नाही. बरा बसणारा स्वस्त कोट लोंबणाऱ्या महागड्या कोटापेक्षा कधीही चांगला. नवा कोट आणलास की मागच्या चिरेवर तिरप्या टाक्यांची फुली मारलेली असेल. ती ने-आण करताना आकार बिघडू नये म्हणून असते, ती कापून टाकायची. बाहीवर कंपनीची पट्टी टाचलेली असते, तीही उसवायची. खिसे शिवलेले असतात, तेही उघडता येतात, पण मी ते तसेच ठेवते, म्हणजे त्यात काही कोंबायचा मोह होत नाही आणि खिसा लोंबत नाही. तू तुझं ठरव. खालचं बटण लावायचं नाही, बसताना कोट उघडायचा, उठताना वरचं बटण लावायचं. आठवडाभर लक्ष देऊन केलंस की हात आपोआप तिथे जातो.

हल्ली मुद्दाम केलेल्या निष्काळजीपणाची फार चलती आहे. टाय जरा सैल, केस विस्कटल्यासारखे, पण ते विस्कटायला आरशासमोर अर्धा तास. मला त्याचा राग नाही, फक्त तो लपत नाही. एखादी गोष्ट मोकळी सोडायची असेल तर बाकीचं सगळं जागच्या जागी हवं, नाहीतर ते नुसतं अर्धवट दिसतं. बाह्या दुमडणं हे याचं चांगलं उदाहरण. कफच्या रुंदीएवढ्या एकावर एक घड्या घालत वर गेलं की कोपराशी जाड वळकटी होते आणि ती सारखी घसरते. त्याऐवजी कफचं बटण काढ, सगळी बाही एकदाच उलटी करून कफ कोपराच्या जरा वर ने, आणि मग खालची कड वर दुमडून कफवर आण. कफचा वरचा काठ थोडासा डोकावू दे. ही घडी दिवसभर हलत नाही, दिसते मात्र जाता जाता केल्यासारखी.

अत्तर किंवा परफ्यूम लावत असशील तर आपल्याला येणाऱ्या वासावर भरवसा ठेवू नकोस. नाक एकाच वासाला थोड्या वेळात सरावतं आणि तो जाणवेनासा होतो. म्हणून माणूस रोज थोडं थोडं वाढवत जातो आणि एक दिवस तो लिफ्टमधून उतरल्यावरही लिफ्टमध्ये असतो. कमी लाव. वास फार तर शेजारी बसलेल्याला यावा, दाराशी उभ्या असलेल्याला नको.

चष्मा दोन्ही हातांनी काढ. एका हाताने ओढला की एक दांडी रोज बाहेर ताणली जाते, फ्रेम वाकडी होते, मग तो नाकावरून घसरतो आणि दिवसभर बोटाने वर ढकलावा लागतो. काचा कोरड्या शर्टाने पुसू नकोस. धुळीचे कण काचेवर घासले जातात. आधी पाण्याखाली धर, मग मऊ फडक्याने पूस.

पण खरं सांगू? कपड्यांइतकीच, कदाचित जास्त, हातांची गोष्ट आहे. माणूस वस्तू देतो कशी, ते बघत जा. कात्री देताना मूठ समोरच्याकडे. पेन देताना टोपण काढून, लिहायचं टोक स्वतःकडे, म्हणजे घेणाऱ्याच्या हातात ते थेट लिहिण्यासारखं येतं. कागद देताना तो फिरवून, अक्षरं त्याला सुलट दिसतील असा. पुस्तकाची कड, खुर्चीची पाठ, दाराची मूठ, सगळीकडे हाच नियम लागतो. वस्तू देण्याआधी क्षणभर ती घेणाऱ्याच्या जागी जाऊन बघायची. दार लावताना मूठ दाबून धर, पल्ला चौकटीला टेकला की सोड, आवाज होत नाही. उठल्यावर खुर्ची आत सरकव. किल्ली दारापाशी पोहोचण्याआधी हातात घे. बोलताना फोन टेबलावर उलटा ठेवणं म्हणजे, तुझ्यापेक्षा महत्त्वाचं काहीतरी येऊ शकतं, असं सांगणंच आहे. खिशात किंवा पिशवीत ठेव. एखादा फोन खरंच यायचा असेल तर आधी सांगून ठेव, मग तो आल्यावर कुणाला वाईट वाटत नाही.

बोलण्याचं थोडक्यात. तू फार बिझी आहेस हे कुणाला सांगू नकोस, सगळेच असतात. उशीर झाला तर ‘माफ करा, उशीर झाला’ इथे थांब. ट्रॅफिकची कहाणी ऐकण्यात आणखी उशीर होतो. मेसेज एकाच वेळी पूर्ण लिही. ‘हॅलो’, मग ‘एक विचारायचं होतं’, मग ‘वेळ आहे का’ असे तुकडे पाठवले की समोरच्याचा फोन तीनदा वाजतो आणि त्याला अजून काहीच कळलेलं नसतं. आभार मानताना नेमके मान. ‘तुम्ही तक्ता आधीच पाठवलात म्हणून मला बैठकीत उत्तर देता आलं’ हे वाक्य माणूस घरी जाऊन सांगतो. ‘थँक्स फॉर एव्हरीथिंग’ तो जिना उतरेपर्यंत विसरतो.

या सगळ्या शास्त्राचा मूळपुरुष मानतात तो लंडनचा जॉर्ज ब्रमेल, लोक त्याला बो ब्रमेल म्हणत. जन्म १७७८ चा. त्याच्या काळात श्रीमंतांच्या कपड्यांवर रेशीम, जरीकाम, केसांवर पावडर असा थाट असे. याने ते बाजूला सारलं. गडद रंगाचा नेमका मापाचा कोट, खळ दिलेला पांढराशुभ्र गळपट्टा, आणि रोजची आंघोळ, जी तेव्हा बऱ्याच मोठ्या घरांतही रोजची नव्हती. आजचा पुरुषांचा साधा गडद सूट ज्या वळणाने आला, त्या वळणावर हा माणूस उभा आहे. तयार व्हायला त्याला तासन्‌तास लागत, पण बाहेर पडल्यावर ते कुठे दिसत नसे. इथपर्यंत तो माझा माणूस. पण जीभ त्याला आवरली नाही. ज्याच्या मर्जीवर त्याचं सगळं चाललं होतं त्या राजपुत्राशीच त्याचं फाटलं, आणि पुढे त्याच्या लठ्ठपणावरून चारचौघांत टोमणाही मारला. जुगार आणि उधारीने बाकीचं काम केलं. १८१६ मध्ये सावकारांना चुकवून तो फ्रान्सला पळाला आणि १८४० मध्ये तिथेच, कान (Caen) नावाच्या शहरातल्या मनोरुग्णांच्या आश्रमात, वारला. गळपट्ट्याच्या एका चुणीसाठी जीव टाकणाऱ्या माणसाला समोरच्याच्या चेहऱ्यावरची चुणी दिसू नये, याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

तुला हे मुद्दाम सांगते, कारण नवीन नजर आली की ती आधी दुसऱ्यांवर फिरते. उद्यापासून तुला सगळ्यांच्या उलट्या गाठी आणि बाहीवरच्या पट्ट्या दिसायला लागतील. कुणी विचारलं नाही तोवर गप्प राहा. याला अपवाद एकच. कुणाचं लेबल कॉलरीबाहेर आलेलं असेल, बटण चुकीच्या काजात गेलेलं असेल आणि तो माणूस आता दहा जणांपुढे उभा राहणार असेल, तर त्याला बाजूला घे, खालच्या आवाजात एका वाक्यात सांग, आणि तो नीट करत असताना दुसरीकडे बघून दुसरंच काहीतरी बोलायला लाग.

पुढच्या पत्रात कामाचं लिही.

तुझी,
मावशी