'आर्थिक सहकार' की 'आर्थिक सहकार्य'? निमित्त चीनचे

प्रश्न असा आला आहे: "चीनचा कारभार आणि त्याने इतर देशांशी जोडलेले आर्थिक संबंध यांतून विकसनशील देशांनी काय शिकावे, अशा विषयावरचा एक लेख मी मराठीत आणतो आहे. मी 'आर्थिक सहकार' लिहिले, संपादकांनी ते खोडून 'सहकार्य' केले. दोन्ही एकच नव्हेत का? शिवाय शीर्षकातला 'धडे' हा शब्द कानाला खटकतो, पण का ते सांगता येत नाही."

संपादकांनी केले ते बरोबर आहे. पण कारण नुसते रूढीचे नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

व्युत्पत्तीने पाहिले तर दोन्ही शब्द सख्खे भाऊ. 'सह' म्हणजे बरोबर, आणि पुढे 'कृ' धातूपासून आलेली दोन रूपे. (संस्कृतात 'सहकार' म्हणजे घमघमणारा आंबाही होतो, पण तो अर्थ आपल्या रोजच्या बोलण्यात उतरला नाही.) फरक पडला तो विसाव्या शतकात. 1904 च्या कायद्याने पतसंस्थांना मान्यता मिळाली, 1950-51 च्या हंगामात प्रवरानगरचा साखर कारखाना उभा राहिला, आणि 'सहकार' हा महाराष्ट्रात एका विशिष्ट व्यवस्थेचा शब्द झाला. पहाटे किटली घेऊन दूध संस्थेत जाणाऱ्या माणसाला तो कोणी समजावून सांगावा लागत नाही. त्याचा सभासद क्रमांक असतो, शेअरची रक्कम भरलेली असते, फॅट लागते तसा दर मिळतो, दिवाळीला फरक मिळतो, आणि सर्वसाधारण सभेत शंभर लिटर घालणाऱ्यालाही एक मत, दोन लिटर घालणाऱ्यालाही एकच. मालकी, जोखीम आणि मत तिन्ही सभासदांचे असले की तो सहकार. 'सहकार्य' म्हणजे एवढेच की दोघे आपापल्या जागी राहून एखाद्या कामापुरते एकमेकांना हात देतात. पोलिसांना सहकार्य करा म्हणतात, सहकार करा असे कोणी म्हणत नाही. केंद्रात 2021 मध्ये झाले ते सहकार मंत्रालय, आणि वर्तमानपत्रांत येते ती शांघाय सहकार्य संघटना. ही वाटणी कोणी बसून ठरवलेली नाही, वापरणाऱ्यांनीच केली.

आता चिनी भाषेकडे पाहा. तिथे दोन्हींसाठी एकच शब्द आहे, उच्चार साधारण 'ह-त्स्वो'. शेतकऱ्यांची सहकारी संस्था ती 'हत्स्वो-श', आणि शांघाय संघटनेच्या नावातही तोच 'हत्स्वो'. इंग्रजीने उचललेला 'गुंग हो' हा शब्दही इथलाच. 1938 मध्ये जपानी आक्रमणाच्या काळात न्यूझीलंडचे रेवी अ‍ॅली आणि त्यांच्या साथीदारांनी चीनमध्ये औद्योगिक सहकारी संस्था उभ्या केल्या, त्यांच्या नावाचे हे लघुरूप. पुढे एका अमेरिकन अधिकाऱ्याने ते आपल्या तुकडीची घोषणा म्हणून घेतले आणि त्याचा अर्थ 'झपाटून कामाला लागणारा' असा झाला. मुळात मात्र तो सहकाराचाच शब्द.

एकाच शब्दात दोन अर्थ राहिले की इतिहास वाचताना घोटाळा होतो, आणि तुमच्या लेखात तो होऊ द्यायचा नाही. चीनच्या खेड्यांत 1950 च्या दशकात आधी परस्पर मदतीचे गट झाले, मग छोट्या सहकारी संस्था, मग मोठ्या, आणि 1958 मध्ये कम्यून. पहिल्या पायरीवर शेजाऱ्याचा बैल मागून आणणे होते. शेवटच्या पायरीवर जमीन, अवजारे, कित्येक ठिकाणी चूलसुद्धा सामाईक झाली, आणि बाहेर पडायची मुभा उरली नाही. पाठोपाठ 1959 ते 1961 चा भीषण दुष्काळ आला. नाव 'हत्स्वो'च्याच पोटातले, पण पत्करण्याचा आणि नाकारण्याचा हक्क गेल्यावर त्याला मराठीत 'सहकार' म्हणणे मला जड जाते. तिथे 'सामूहिकीकरण' लिहावे.

त्यातून सुटका झाली ती गोष्ट शब्दांच्या अंगाने फार बोलकी आहे. 1978 च्या अखेरीस आन्ह्वे प्रांतात फंगयांग तालुक्यातल्या श्याओगांग गावी 18 शेतकऱ्यांनी गुपचूप एका कागदावर बोटांचे ठसे उमटवले: जमीन घराघरांत वाटून कसायची, सरकारचा ठरलेला हिस्सा न चुकता द्यायचा, आणि यापायी पुढाऱ्यांना तुरुंगात जावे लागले तर त्यांची मुले बाकीच्यांनी वाढवायची. या पद्धतीच्या चिनी नावात 'बाओ' हा शब्द आहे. मराठी लेखांत त्याचा अनुवाद 'कंत्राट' किंवा 'ठेका' असा होतो. मला वाटते, आपल्या खेड्यातला 'खंड' हा शब्द त्याच्या सर्वांत जवळ जातो. खंडाने जमीन करणारा धन्याला ठरलेले धान्य किंवा रक्कम देतो, आणि पीक जास्त आले तर वरचे त्याचे. बटईत वाटा पिकाबरोबर वाढतो, खंडात तो ठरलेला असतो. चीनमध्ये त्यावर एक म्हणच झाली, तिचा आशय असा: सरकारचे सरकारला पुरते द्या, गावाचे गावाला ठेवा, उरले ते सगळे आपले. जमिनीची मालकी गावाकडेच राहिली, कसण्याचा हक्क घराकडे आला. तुमच्या लेखात हा प्रसंग असेल तर 'ठेका' टाळा. ठेका म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे रस्त्याचा ठेकेदार येतो.

देशाबाहेरच्या संबंधांत 'हत्स्वो'चा प्रवास वेगळा झाला, आणि तुमच्या प्रश्नाचे खरे उत्तर तिथे आहे. जानेवारी 1964 मध्ये चीनचे तेव्हाचे पंतप्रधान चौ एन-लाय यांनी आफ्रिका दौऱ्यात आठ तत्त्वे जाहीर केली, ती परदेशांना द्यायच्या 'मदती'ची होती, त्यांत शब्द 'युआनचू'. कर्ज बिनव्याजी किंवा कमी व्याजाचे असावे, आणि चिनी तज्ज्ञांनी त्या देशातल्या तज्ज्ञांसारखेच राहावे, खास सोयी मागू नयेत, असे त्यांत होते. टांझानियातल्या दार-ए-सलामपासून झांबियातल्या कापिरी म्पोशीपर्यंतची 1860 किलोमीटरची ताझारा रेल्वे याच काळातली. 1967 मध्ये करार झाला आणि 1970 ते 1975 मध्ये बांधकाम, बिनव्याजी कर्जावर. स्थानिक खर्चाचा मोठा भाग चिनी माल तिथल्या दुकानांत विकून भागवला गेला. रेल्वे मालकीची झाली ती टांझानिया आणि झांबिया या दोन सरकारांच्या, निम्मी-निम्मी.

मग जानेवारी 1983 मध्ये त्याच दार-ए-सलाममध्ये चीनचे तेव्हाचे पंतप्रधान झाओ झियांग यांनी नवी चार तत्त्वे मांडली, आणि ती 'आर्थिक व तांत्रिक हत्स्वो'ची होती. 'मदत' गेली, 'सहकार्य' आले. चीनला स्वतःच्या सुधारणांसाठी पैसा हवा होता. आता दोघांचा लाभ, प्रत्यक्ष परिणाम, नाना प्रकारचे करार ही भाषा सुरू झाली. 2000 मध्ये बीजिंगला चीन-आफ्रिका मंच भरला तो 'हत्स्वो'चा, आणि 2018 मध्ये चीनने परदेशी मदतीसाठी वेगळे खाते काढले त्याच्या नावातही 'विकास सहकार्य' आहे. यात कर्ज असते, व्याज असते, बांधणारी कंपनी बहुधा चिनी असते, फेडीची मुदत असते. म्हणजे दोन पक्ष आणि एक करारपत्र. सभासद नाहीत, एक मतही नाही. मराठीत याला 'सहकार' म्हटले तर वाचक नकळत त्यात सामाईक मालकी वाचतो, आणि करारातली कलमे पाहायची त्याची सवयच सुटते.

मला सर्वांत आवडलेली गोष्ट अशी की टांझानियाच्या स्वाहिलीतही आपल्यासारखीच जोडी आहे. 'उशिरिका' म्हणजे सहकार, 'उशिरिकियानो' म्हणजे सहकार्य. तिथे किलिमांजारोच्या उतारावरच्या कॉफी शेतकऱ्यांचा संघ 1933 पासूनचा. 1976 मध्ये सरकारने असे सगळे सहकारी संघ बरखास्त केले आणि 1982 मध्ये पुन्हा उभे राहू दिले. चीनशी 'उशिरिकियानो' चालू असतानाच घरच्या 'उशिरिका'चे असे झाले. ज्या देशांसाठी तुमचा लेख आहे त्यांतल्या एकाच्या भाषेत हा भेद जिवंत असताना मराठीने तो पुसू नये.

'धडे' का खटकतो ते आता थोडक्यात. मराठीत 'धडा शिकवणे' म्हणजे अद्दल घडवणे, आणि 'धडा घेणे' बहुतेक वेळा चुकीपासूनच असते. चिनीत यासाठी दोन शब्द आहेत. 'जिंग्येन' म्हणजे जे जमले त्याचा अनुभव, 'च्याओश्युन' म्हणजे चुकून कळलेले, ठेच लागून आलेले. चिनी सरकारी भाषणांत इतर देशांना देऊ केला जातो तो 'जिंग्येन'. कम्यूनचा प्रकार 'च्याओश्युन'मध्ये मोडतो. लेखात दोन्ही असतील तर शीर्षकात 'अनुभव आणि धडे' असे दोन्ही ठेवा. लेखक फक्त यशाविषयी बोलत असेल तर नुसते 'अनुभव' पुरे.

'गव्हर्नन्स'साठी 'शासन' नको. मराठीत ते सरकारही होते आणि शिक्षाही. 'कारभार' चांगला. 'गव्हर्नन्स'साठीच्या चिनी शब्दाचे पहिले अक्षर पाण्याच्या खुणेने सुरू होते आणि पूर आवरण्यासाठीही तेच वापरतात. कारभारात बांधबंदिस्ती येतेच, त्यामुळे तो जवळचा वाटतो.

एक सावधगिरी राहिली. विशेषण करताना 'सहकारी' लिहू नका. 'चीनचे सहकारी प्रकल्प' वाचून कोल्हापूरचा वाचक चेअरमन कोण ते विचारील, आणि 'चीनचे सहकारी देश' म्हटले तर साथीदार असा तिसराच अर्थ निघेल. 'सहकार्याचे प्रकल्प', 'सहकार्य करार' असे सरळ लिहावे.